दगडाबाई आणि समुद्रातला कुत्रा

दोन वर्षं मी रोज संध्याकाळी तासभर जर्मन भाषा मोठ्याने वाचत होते, आणि त्यातलं पहिलं वर्षभर मला एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता. हे सांगितलं की माझी नात खो खो हसते. ती पुण्यात क्लास लावून जर्मन शिकतेय. तिला पहिल्या दिवसापासून तक्ते मिळाले, मोबाईलवर उच्चार ऐकायला मिळाले, आणि तरी तिचं गाडं ‘माझं नाव अमुक, मी तमुक गावची’ याच्या पुढे सरकायला दोन महिने लागले. “आजी, अर्थ कळत नसताना वाचायचीस म्हणजे नेमकं काय करायचीस?” असं ती विचारते. काय करायचे? गावातली निम्मी माणसं श्रावणात पोथी वाचायची, ती कुठे अर्थ कळून वाचायची? तसंच. फरक इतकाच की माझी पोथी जर्मन होती आणि ऐकणारा एकच होता.

ऐकणारे म्हणजे फादरबाबा. संगमनेरपासून थोडं पुढे, प्रवरेच्या काठाला आमचं गाव. गावाबाहेर कालव्यापलीकडे मिशनचा दवाखाना आणि त्याला लागून फादरबाबांचं दोन खोल्यांचं कौलारू घर. ऐन तारुण्यात ते जर्मनीहून आले आणि आमच्याच भागात म्हातारे झाले. त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर होतं म्हणे, पण पाटीचा रंग उडाला होता आणि ते वाचायची गरज कुणाला पडली नव्हती. मराठी ते शेतकऱ्यांकडून शिकले, त्यामुळे पुस्तकी मराठी त्यांना येतच नसे. एकदा पुण्याहून शाळा तपासायला आलेले एक साहेब त्यांना भेटायला गेले आणि अदबीने म्हणाले, “आपली प्रकृती कशी आहे?” तर हे लाल तोंडाचे, निळ्या डोळ्यांचे म्हातारे म्हणाले, “लई झ्याक हाय की! बसा निवांत, च्या टाकतो.” साहेब चहा संपेपर्यंत त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले.

त्या निळ्या डोळ्यांवर पुढे मोतीबिंदू चढला. पंचक्रोशीतल्या पोरासोरांना धरून धरून इंजेक्शनं देणारा हा माणूस स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला मात्र सपशेल घाबरत होता. ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हणत त्यांचे कितीतरी उन्हाळे गेले. पुस्तकं अगदीच दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं. वडिलांना मी दादा म्हणायची. दादा गावच्या दूध केंद्रावर माप घ्यायचे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ सगळं गाव त्यांच्यापुढून जायचं. फादरबाबाही आपली किटली घेऊन रांगेत असायचे. “खणखणीत वाचनारं कोन हाय का रं?” असं त्यांनी विचारलं आणि दादा अभिमानाने म्हणाले, “आमची पोरगी वाचती की. बारावी झालीया, संगमनेरला कालिजात जाती.” दादांना वाटलं मराठी वाचायचं असेल. मलाही तसंच वाटलं.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला नुसती अक्षरं वाचायला शिकवली. अक्षरं इंग्रजीचीच, पण वागणूक निराळी. मी प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून घ्यायची. शब्दाच्या सुरुवातीला एस आला तर बहुतेक वेळा ‘झ’ म्हणायचं, आणि तोही झाडातला झ, झेंड्यातला नव्हे, हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं असेल. त्यांना ऐकायचं होतं ते एकच जाडजूड पुस्तक. त्यात शब्दांची कुळं दिलेली होती. कोणता शब्द कुठे जन्मला, कोणाच्या घरातून कोणाच्या घरात गेला, आधी त्याला काय म्हणत होते, सगळं. फादरबाबा त्याला ‘सोयरिकीचं बुक’ म्हणायचे. रोज दोन-अडीच पानं, ए पासून. ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचे, मधेच हसायचे, मधेच “हॅट्!” म्हणायचे, जणू पुस्तक लिहिणारा समोरच बसलाय. पान संपलं की त्यातल्या एखाद्या शब्दाची गोष्ट मला मराठीत सांगायचे. त्या गोष्टींच्या नादाने दुसऱ्या वर्षी मला वाचता वाचता थोडंथोडं कळायला लागलं, आणि ज्या दिवशी मी त्यांच्या आधी हसले त्या दिवशी ते इतके खूश झाले की त्यांनी मला बरणीतला कोबी दिला.

तो कोबी म्हणजे एक प्रकरणच होतं. बागेतला कोबी चिरून, मीठ घालून, दाबून ते तो महिनाभर बरणीत आंबवत ठेवायचे. मी तो घरी आणला, आईने बरणीचं तोंड उघडून वास घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं, “फादरबाबा, तुमचा कोबी मेलाय.” त्यांनी तिच्यासमोर वाटीभर खाऊन दाखवला. तेव्हापासून आईची खात्री झाली की या माणसाला कुणी धड खायला घालत नाही. आठवड्यातून एकदा तरी ती माझ्याबरोबर त्यांच्यासाठी शेंगोळ्यांचा डबा द्यायची. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, तळहातावर बोटाएवढ्या वळ्या करून त्यांचं वेटोळं करायचं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. फादरबाबा रस्सा सुद्धा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे आणि घाम पुसत म्हणायचे, “तुझ्या आयच्या हाताला सांग, लई उपकार झाले.” हाताला सांग, असंच म्हणायचे.

घरात आम्ही तिघंच. पहाटे केंद्रावर कॅन आपटल्याचा खणखणाट, हंगामात कारखान्याचा भोंगा, आणि दिवसभर आईचं बोलणं. आई सगळ्यांशी बोलायची. चुलीशी, म्हशीशी, भाकरी फुगली नाही तर भाकरीशी. घरात कुणी नसलं तरी बाहेरून येणाऱ्याला वाटावं की आत चार-पाच बायका बसल्यात. तिला अक्षर येत नव्हतं, पण मी घरी जर्मन उजळणी करायला लागले की ती पीठ मळता मळता थांबून ऐकायची आणि “आज जरा भांडल्यावानी वाटतंय गं” असा शेरा द्यायची. आजही स्वयंपाक करताना मी एकटीच बोलते. सून सुरुवातीला घाबरायची, आता तीही बोलते.

इतकं सगळं चांगलं होतं, आणि त्यात एकच गोष्ट अशी होती जी मला काट्यासारखी सलायची. माझं नाव. माझं नाव दगडाबाई. घरी दगू, गावात दगडे, आणि कॉलेजच्या हजेरीत पूर्ण, खणखणीत, दगडाबाई. माझ्या वर्गात नीलिमा होती, शलाका होती, दोन संगीता होत्या. त्यांच्यामागून माझं नाव पुकारलं गेलं की मागच्या बाकावरचा एक मुलगा दरवेळी पाय धरून “आई गं, ठेच लागली” म्हणायचा आणि अख्खा वर्ग हसायचा. सरही खाली बघून हसायचे. मी “हजर” इतक्या हळू म्हणायची की महिन्यातून दोनदा माझी गैरहजेरी लागायची. वहीच्या मागच्या पानावर मी सतरा नावं लिहून ठेवली होती, आणि कंटाळवाण्या तासाला त्यातलं एकेक स्वतःला लावून बघायची. मला त्या नावाचा राग होता. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी त्यापायी रडलेली आहे.

म्हणून स्थळ आलं तेव्हा मला नवऱ्यामुलापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा जास्त आनंद झाला, हे कबूल करते. मुलगा नागापूरला एमआयडीसीत फिटर होता. माणसं मूळची खर्ड्याकडची, पण नगरला येऊन बरीच वर्षं झालेली, शहरी रीतीभाती उचललेली. पोह्यांच्या वेळी त्यांनी विचारलं, “नाव काय?” मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं, आणि या वेळी ते ओटीवर बसलेल्या सगळ्या पाहुण्यांना ऐकू गेलं. कुणी हसण्याआधीच आमचे हे अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “वजनदार नाव आहे.” त्या गंभीर चेहऱ्याबरोबर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं आणि तो कधी थट्टा करतोय, कधी नाही, हे मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही. निघताना सासूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “आमच्यात नव्या सुनंचं नाव बदलत्यात बरं का. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवत्यात. तुला कंचं आवडतंय ते सांग, तेच ठिवू.” मी त्यांच्या पाया पडले ते अगदी मनापासून. सतरातून निवड करायला मला तीन दिवस लागले. सुहासिनी.

दुसऱ्या दिवशी मी उड्या मारतच फादरबाबांकडे गेले. ते म्हणाले, “लगीन ठरलं? चांगलं झालं. पन एस संपवून जा.” आम्ही एसच्या मधोमध होतो. त्या दिवशीचा शब्द निघाला झेहुंट. मी वाचायला लागले तसं त्यांनी हात हलवला, “ह्यो मला ठाव हाय, फुडं चल. झे म्हंजी समुद्र, हुंट म्हंजी कुत्रा.” मग त्यांना राहवेना. त्यांचं गाव जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राकाठी. लहानपणी ते वाळूच्या दांड्यावर ही जनावरं रोज बघायचे. मी समुद्रच बघितलेला नव्हता, तर जनावर कुठून? ते खुर्चीतून उठून, हात अंगाला चिकटवून मला दाखवायला लागले. “तोंड कुत्र्यावानी, मिशा मांजरावानी, पाय न्हाईत. ओल्या पोत्यावानी उनात पडून ऱ्हातंय. आन् भुकतंय सुदीक.” मी हसून हसून पुस्तक खाली ठेवलं. मग सवयीने पुढची ओळ वाचून टाकली, आणि ते एकदम थांबले. “परत वाच.” मी परत वाचली. “आनखी एकदा.”

पुस्तकात वेगळंच लिहिलं होतं. जुन्या काळी त्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या बोलीत त्या जनावराला स्वतःचं नाव होतं, झेल. त्याचं तोंड आणि भुंकणं बघून पुढे त्याला मागून ‘कुत्रा’ जोडला, झेलहुंट. मग पिढ्या गेल्या आणि झेल म्हणजे काय हेच लोक विसरले. समुद्राला झे म्हणतात, जनावर समुद्रात राहतं, तेव्हा शब्द झेच असणार असं धरून चालले, आणि मधला ल गळून पडला. शेजारच्या इंग्रजांकडे मात्र तेच जुनं नाव अजून शाबूत आहे. सील म्हणतात ते हेच. म्हणजे समुद्रातला कुत्रा हा समुद्रातला कुत्रा नव्हताच. तो आपल्याच नावाचा कुत्रा होता.

फादरबाबांना राग आला. खरंच आला. “माझ्या बापाला ठाव न्हवतं, आज्याला ठाव न्हवतं! आमी रोज बगायचो त्याला! सत्तर वरसं मी चुकीचं बोलतोय आन् मला कुनी सांगितलं न्हाई!” थोड्या वेळाने राग गेला आणि ते डोळे मिटून “झेल, झेल” असं पुटपुटत बसले. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. हरवलेलं काहीतरी गावात परत आल्यावर माणूस बसतो तसे बसले होते. मी मात्र माझ्यापुरता सोयीचा अर्थ घेऊन घरी आले.

त्याच आठवड्यात पत्रिकेचा प्रश्न निघाला. दादा संगमनेरच्या छापखान्यात जाणार होते. नवरीचं नाव काय घालू, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले सुहासिनी. आई चुलीपुढून म्हणाली दगडाबाई. दादा दाराजवळ पायात चपला घालून उभे राहिले, एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत. मग चपला काढून खाली बसले. मी आईला माझा पुरावा दिला. “आये, तिकडं समुद्रातल्या जनावराचं नाव बदललं. जुनं पार विसरले लोक. काय झालं का त्या जनावराला?”

“जनावराचं मला न्हाई ठाव,” आई म्हणाली. “तुजं ठाव हाय.”

तिला काय ठाऊक आहे, ते मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. त्या दिवशी तिने ते सलग सांगितलं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला, तो सहा महिन्यांचा होऊन गेला. मग मुलगी झाली, तिचं बारसंही झालं नाही. मी जन्मले तेव्हा तिने मला सुपात घालून बांधावरच्या दगडापाशी नेऊन ठेवलं. ठरल्याप्रमाणे शेजारच्या बाईने मला उचललं आणि आईने ओंजळभर बाजरी देऊन मला तिच्याकडून परत घेतलं. आणि घरी येताना सगळ्या वाटेने मोठ्याने ओरडत आली, “लेकरू न्हाई वो, दगड गावला, दगड!” पहिल्या दोघांना ज्याने नेलं, तो कुठेतरी ऐकत असणार, त्याला ते ऐकू जावं म्हणून. “त्याला वाटतंय हितं दगड पडलाय,” आई म्हणाली. “दगडाला कोन नेतंय? नाव काडलं की त्याला कळंल. म्हनंल, आरं, ही तर पोरगी हुती.”

मी काय बोलले ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी म्हणाले, “असलं कायी नसतं. तुज्या त्या दगडापायी मला कालिजात मान वर करता येत न्हाई.”  दोन दिवस आई जेवली नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ती बोलली नाही. चुलीशीसुद्धा नाही. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. दादा छापखान्यात गेले नाहीत. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मला माझी चूक कळत होती आणि तरीही मला ते नाव पत्रिकेवर नको होतं, दोन्ही एकदमच खरं होतं. (पुढे माझ्या मुलाला दहा दिवस ताप उतरेना तेव्हा बीएससी झालेल्या शेजारणीच्या नकळत मी काय काय केलं, ते मी इथे सांगणार नाही.)

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने शेंगोळे केले, डबा भरला, धुतलेलं लुगडं नेसली आणि मी फादरबाबांकडे निघाले तशी माझ्यामागे चालू लागली. तिथे गेल्यावर ती खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्याशी जमिनीवर बसली. “फादरबाबा, ही म्हनती ते खरं का? त्या जनावराचं नाव बदललं ते?”

मला धास्ती वाटली. फादरबाबा धर्माचा माणूस. ते आता आईला समजावतील की हे सगळं खूळ आहे, देव एकच आहे वगैरे, आणि आई अजूनच मिटून जाईल. पण ते तसं काही बोलले नाहीत. मला म्हणाले, “ते पान काड. वाच.” मी म्हणाले, तिला कळणार नाही. “तुला तरी कुटं कळत हुतं?” मी वाचलं. आई हातावर हनुवटी टेकून सगळं ऐकून घेत होती, पोथी ऐकावी तसं. मग त्यांनी तिला झेलची गोष्ट सांगितली, ओल्या पोत्यासकट. आई हसली नाही.

“नाव गेल्यावर ते जगलं का, येवडंच सांगा.”

“जगलं की. अजून हायेत. माज्या गावाला लई हायेत.”

“आन् जुनं नाव?”

फादरबाबा न दिसणारे डोळे तिच्या आवाजाच्या दिशेने वळवून म्हणाले, “ते कुटं गेलं? ते आतच बसलंय बाय. लोक झेहुंट म्हनत्यात, त्यांना वाटतं आपन समुद्र म्हनतोय. आत तेच हाय. दिसत न्हाई, येवडंच.”

“म्हंजी वर नवं, आन् जुनं जागच्या जागी.”

“व्हय.”

“आन् कुनाला पत्ता न्हाई.”

“मलाच सत्तर वरसं न्हवता.”

आई मग उठली, पदर सारखा केला, “शेंगोळे गरम हायेत तवर खावा” म्हणाली आणि निघाली. परतताना कालव्याच्या पुलावर ती मला म्हणाली, “तुला पायजे ते छाप.”  इतक्या सहज? तिने रात्री दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हशीशी भांडली. मला इतकं हायसं वाटलं की का मानली हे मी विचारलंच नाही. जिंकलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

आमच्या जिल्ह्याचंही नाव आता बदललं. एसटीच्या पाटीवर नवीन नाव लागलं, कागदोपत्री आलं, नात फॉर्मवर तेच लिहिते. आणि स्टँडवर कंडक्टर अजून “नगर, नगर, चला नगर” असंच ओरडतो. आमचे हे परवा बसमध्ये तसल्याच गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “जुनं असो, नवं असो, शेवटाला नगर आहेच. आपल्याला तर तेवढंच लागतं.” 

लग्न आमच्या दारात झालं. पत्रिका गुलाबी होती, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरात चि. सौ. कां. सुहासिनी. गावातल्या निम्म्या लोकांना लग्न कुणाचं आहे तेच कळेना. केंद्रावर दादांना विचारत होते की तुम्हाला अजून एक मुलगी कधी झाली. नावाचा विधी खरं तर नगरला घरी व्हायचा, पण सासूबाईंची हौस, सगळ्या पाहुण्यांसमोर मांडवातच करू म्हणाल्या. पितळी ताटात तांदूळ पसरले. यांनी अंगठीने सावकाश, फिटरच्या नेमक्या हाताने, सुहासिनी लिहिलं, एकही दाणा ताटाबाहेर न सांडता. बायकांनी नाव मोठ्याने वाचलं. पेढे वाटले. मी इतकी आनंदात होते की मला मांडवातलं दुसरं काही आठवतच नाही. फादरबाबा पहिल्या रांगेत बसून जिलेबी खात होते, एवढंच आठवतं.

निघायची वेळ झाली. जीप दारात लागली. सगळ्या बायका रडत होत्या, दादा टॉवेलने तोंड झाकून उभे होते, मीही रडत होते. आई रडत नव्हती. तिने मला जीपमध्ये बसवलं, ओटी सारखी केली, आणि मागे सरून अंगणाच्या मधोमध उभी राहिली. मग तिने आवाज चढवला. शेतातून पलीकडच्या वस्तीवर हाक मारताना लावायची तो आवाज.

“सुहासिनी चालली वो सासरी! सुहासिनी चालली!”

सासूबाई कौतुकाने हसल्या. त्यांना वाटलं, विहीणबाईंना नाव फारच आवडलेलं दिसतंय. आईच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती बांधाकडे, कालव्याकडे, वर, सगळीकडे बघत ओरडत होती, तेव्हा ‘दगड गावला’ म्हणत आली असेल तशी. ड्रायव्हरने जीप सुरू केली. आणि मग आई वळली. घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. सगळं गाव अंगणात होतं. ती उंबऱ्याशी गेली, चौकटीला हात लावून उभी राहिली आणि त्या रिकाम्या घरात, रोजच्या आवाजात, जरा वैतागून म्हणाली,

“दगू, ए दगू! चुलीवर दूध ठिवलंय गं, बगतीस ना?”

माझ्या तोंडात “बगते गं” आलंच होतं. वीस वर्षांची सवय. तोंड उघडलंसुद्धा होतं. शेजारी बसलेल्या यांनी माझ्याकडे बघितलं. आई अजून दारातच उभी होती, पाठमोरी, उत्तराची वाट बघत असल्यासारखी मान तिरकी करून. मी पदराचा बोळा करून तोंडात धरला, आणि जीप कालव्याच्या पुलावरून वळेपर्यंत ओ दिली नाही.